इंजिनाच्या तेलात पाणी : आधी वाट शोधा, मग हेड उघडा

पावसाळा ओसरू लागला आणि नद्या पात्रात परतल्या, की निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातील गॅरेजांसमोर ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि पाणी उपसणारी डिझेल इंजिने येऊन उभी राहतात. अनेकांची तक्रार एकच असते. ऑइलची पट्टी बाहेर काढली, की तिच्यावर काळ्या तेलाऐवजी ताकासारखा किंवा दुधाळ चहासारखा थर दिसतो. ‘ऑइलमध्ये पाणी आले’ हे निदान मालकाने घरीच केलेले असते आणि पुढचा निर्णयही तिथल्या तिथे होतो : हेड उतरवायचे, गॅस्केट बदलायचे. काही वेळा तो बरोबर ठरतो. काही वेळा मात्र नवे गॅस्केट बसते, नवे तेल भरले जाते, इंजिन शेतावर जाते आणि आठवड्याभरात पट्टीवर पुन्हा तोच रंग उमटतो. कारण पाणी गॅस्केटमधून आलेलेच नसते.

अंगात ताप आहे एवढ्यावरून आजार कोणता ते कळत नाही. तेलातील पाण्याचेही तसेच आहे. ते इंजिनात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, प्रत्येक वाटेची खूण वेगळी आहे आणि दुरुस्तीचा खर्चही वेगळा आहे. कुठे वीस मिनिटांत रबरी सील बदलून भागते, तर कुठे लायनर-पिस्टनपर्यंत जावे लागते. बँकेच्या हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर ऐन गळीत हंगामात महिनाभर उभा राहिला, तर शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कोलमडते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपवून मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून समुद्रात निघालेल्या ट्रॉलरचे इंजिन असे बिघडले, तर प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही. म्हणून हे निदान कोणत्या क्रमाने करावे, हे मालकालाही ठाऊक असणे हिताचे आहे.

इंजिनांची ओळख या मातीला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान आणि लोखंडी नांगराची सुरुवात बेळगावची. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. आजही बेळगावच्या फौंड्र्यांत इंजिनांचे भाग ओतले जातात. हेडची तड शोधण्यासाठी लागणारी यंत्रे आणि हात दूर नाहीत. कमी पडते ती उघडण्यापूर्वी विचारपूस करण्याची सवय.

पाण्याने नेमके काय बिघडते

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांचा धातू एकमेकांना प्रत्यक्ष घासत नाही. दोहोंमध्ये तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. पिस्टनवर होणाऱ्या प्रत्येक स्फोटाचा भार हा पापुद्रा पेलतो. पाण्याला तो भार पेलता येत नाही. तेलातून पाण्याचा थेंब त्या जागी आला, की पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला भिडतो. त्यात गंजाची भर पडते, तेलातील संरक्षक रसायने निकामी होतात आणि फिल्टरचा कागद चोंदतो.

रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर हानी अधिक वेगाने होते. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गरम तेलात मिसळले, की चिकट काळा गाळ तयार होतो आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजतात. म्हणून ‘हंगाम संपेपर्यंत असेच चालवू’ हा विचार सर्वांत महाग पडतो. दुधाळ तेलावर इंजिन कदाचित चार दिवस चालेलही. पण पाचव्या दिवशी गॅस्केटऐवजी क्रँकशाफ्ट बदलण्याची वेळ आलेली असते.

रंगावरून काय कळते, काय कळत नाही

पांढरा थर नेमका कुठे आहे, हे आधी पाहावे. तो फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली असेल, पट्टीवरील तेल स्वच्छ असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत नसेल, तर बहुधा तो दवाचा प्रकार असतो. एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. पण ते खरे आहे. यातील बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. इंजिन तासभर भाराखाली चालले, तर गरम तेलातून ही वाफ ब्रीदरवाटे बाहेर पडते. पावसाळ्यात दहा मिनिटे चालवून बंद करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटे, असे चालले तर ती झाकणाच्या थंड पत्र्याखाली जमते आणि तेलात घुसळून पांढरी होते. झाकण पुसावे, इंजिन तासभर कामाला लावावे आणि पुन्हा पाहावे. थर परतला नाही, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

जुन्या पंपसेटवरील काही इंजिनांना थंड ठेवण्यासाठी पंपाचेच पाणी जॅकेटमधून फिरवले जाते. नदीचे थंड पाणी सतत वाहत राहिल्याने ही इंजिने पुरेशी गरम होत नाहीत आणि त्यांच्या तेलात दव साठते. जॅकेटमधील पाण्याचा प्रवाह थोडा कमी करून इंजिनाला योग्य तापमान मिळू देणे, हा त्यावरचा उपाय आहे.

याउलट पट्टीवरील तेलच दुधाळ झाले असेल, पातळी वाढली असेल आणि रेडिएटर रिकामा होत असेल, तर बाब गंभीर आहे. पातळी वाढली, पण तेल काळेच आहे, पातळ झाले आहे आणि त्याला डिझेलचा वास येतो, तर ते पाणी नव्हे. डिझेल पंपाचा पडदा किंवा सील गळत असावा, किंवा नोझल गळत असावे. त्याचा शोध निराळा.

रंग कधी कधी फसवतोही. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनात पाणी तळाशी बसते आणि पट्टीवर वरचे स्वच्छ तेल येते. दुसरीकडे, दुरुस्ती योग्य झाली तरी तेलाच्या वाटांत, ऑइल कूलरमध्ये आणि खाचाखोचांत जुने दुधाळ तेल उरते. ते नव्या तेलात मिसळते आणि ‘पुन्हा पाणी आले’ असा समज होतो. दुरुस्तीनंतर दोनतीनदा तेल बदलून झाल्याखेरीज यशापयश ठरवू नये.

पाणी आहे की नाही याचीच शंका असेल, तर साधी परीक्षा आहे. स्वयंपाकात न वापरण्याचा जाड लोखंडी तवा विजेच्या शेगडीवर तापवावा आणि संशयित तेलाचा एक थेंब त्यावर सोडावा. तेल कोरडे असेल तर ते शांतपणे पसरते. हजारात एखादा भाग जरी पाणी असेल, तरी फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज होतो आणि बुडबुडे उठतात. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे हवेत, जवळ उघडी ज्योत नको आणि एका थेंबापेक्षा जास्त तेल घेऊ नये. कूलंट चाखून ओळखण्याची काहींची रीत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि ते विष आहे.

पाणी आत येण्याच्या वाटा

पहिली वाट बाहेरची. पुराचे पाणी, उभ्या सायलेन्सरच्या नळीतून शिरलेला पाऊस, पट्टीच्या सैल भोकातून किंवा ब्रीदरमधून सर्व्हिसिंगच्या वेळी जोराच्या फवाऱ्याने घुसलेले पाणी. ट्रॅक्टर उभा करताना सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा घालण्याची पद्धत याच अनुभवातून आली आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरच नसतो. त्याच्या तेलात पाणी सापडले तर ते बाहेरून आले आहे किंवा दवाचे आहे. तिसरी शक्यता नाही.

दुसरी वाट हेड आणि गॅस्केटची. इंजिन एकदा तरी भयंकर तापले असेल, तर हिच्यावर पहिला संशय घ्यावा. येथे ज्वलनाचा प्रचंड दाब पाण्याच्या मार्गात शिरतो. म्हणून चालू इंजिनाच्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू करताच होजपाइप लगेच कडक होतात, पाणी उसळून बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून न थांबणारी पांढरी वाफ येते. हेडला तड गेली असेल तरी खुणा जवळपास याच.

तिसरी वाट लायनरच्या तळाची. ट्रॅक्टरच्या अनेक इंजिनांत लायनरभोवती थेट पाणी खेळते आणि ते खाली उतरू नये म्हणून रबराच्या ओ-रिंग बसवलेल्या असतात. त्या कडक झाल्या किंवा त्यांची खाच गंजली, की पाणी सरळ ऑइल चेंबरमध्ये ठिबकते. यात रेडिएटरला बुडबुडे येत नाहीत, पांढरा धूर नसतो, इंजिनाची ताकदही कमी होत नाही. पाणी तेवढे गुपचूप कमी होते आणि रात्रभर उभ्या इंजिनातही गळती चालू राहते. गॅस्केट बदलूनही दोष परतल्याच्या तक्रारींत ही वाट वारंवार निघते. लायनरच्या बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडण्याचाही एक रोग आहे. लायनर थरथरताना त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू कुरतडला जातो. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे थेट रेडिएटरमध्ये भरणे, कूलंट कधीच न घालणे, ही सवय या रोगाला पोषक ठरते.

चौथी वाट ऑइल कूलरची. येथे तेल आणि पाणी यांच्यात एक पातळ धातूची भिंत असते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबाहून बराच जास्त असतो, म्हणून भिंतीला छिद्र पडले की आधी तेल पाण्यात जाते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम रेडिएटरमध्ये दाब काही काळ टिकून राहतो; त्या वेळी पाणी तेलात शिरते. परिणामी रेडिएटरच्या तोंडाशी चिकट तवंग आणि पट्टीवर दुधाळ तेल, अशा दोन्ही खुणा एकत्र दिसतात. त्या तशा दिसल्या, की हेड खोलण्यापूर्वी कूलर बाहेर काढून तपासावा. त्याला लागणारी मेहनत हेडच्या मानाने किरकोळ आहे.

पाचवी वाट पाण्याच्या पंपाची. काही इंजिनांत हा पंप गिअरवर चालतो आणि त्याचा दांडा पाण्याकडून तेलाकडे जातो. दोन सीलांच्या मध्ये एक लहान छिद्र ठेवलेले असते; सील गेले तर पाणी तेलात न जाता तेथून बाहेर ठिबकावे, ही त्यामागील योजना. हे छिद्र चिखलाने किंवा रंगाने बुजले, तर पाण्याला आतली वाट धरावी लागते. ओल्या कापडाने पुसून ते छिद्र पाहण्यास एक मिनिट पुरते.

शोधाचा क्रम

सर्वांत आधी : इंजिन सुरू करू नये. ‘एकदा चालवून बघू’ या वाक्याने जितकी इंजिने गेली असतील, तितकी मूळ दोषाने गेली नसतील.

मग विचारपूस. इंजिन पाण्यात होते काय? नुकतेच धुतले काय? कधी तापले होते? रेडिएटरमध्ये किती दिवसांनी, किती पाणी घालावे लागते? किती महिने उभे होते? चांगला मिस्त्री हातात पाना घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारतो; मालकाने त्यांची खरी उत्तरे द्यावीत. वाटांपैकी निम्म्या येथेच गळून पडतात.

त्यानंतर तळाचे पाणी मोजावे. इंजिन रात्रभर उभे राहू द्यावे आणि सकाळी ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते आधी येते. स्वच्छ बाटलीत ते धरावे. चार थेंब आले तर दवाचा संशय, कपभर आले तर गळतीचा. पाण्याला हिरवा किंवा गुलाबी रंग असेल, तर ते कूलंट आहे आणि वाट आतली आहे. पाणी गढूळ असेल, बाटलीच्या तळाशी गाळ बसत असेल, तर ते नदीचे आहे. संपूर्ण तेल दुधाळ झाले असेल, तर त्याचीही बाटली भरून एक दिवस ठेवावी. सारेच नाही तरी काही पाणी खाली बसते.

पुढे सर्व नोझल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. एखाद्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी उडाली, तर त्या सिलिंडरपाशी गॅस्केट किंवा हेडचा दोष आहे, किंवा सायलेन्सरकडून पाणी आले आहे. फिरवताना नोझलच्या भोकांसमोर तोंड नेऊ नये. सर्व सिलिंडर कोरडे असतील, तर लायनरच्या ओ-रिंग, ऑइल कूलर आणि पाण्याचा पंप यांच्यावरचा संशय बळावतो.

निर्णायक परीक्षा दाबाची. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची. त्याहून अधिक नाही. इंजिन बंद, चेंबर खाली उतरवलेला, आणि बॅटरी घेऊन खालून पाहायचे. थेंब लायनरच्या बाहेरच्या कडेने खाली येत असेल तर ओ-रिंग. लायनरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने येत असेल तर गॅस्केट, हेड किंवा छिद्र पडलेला लायनर. पुढच्या गिअरच्या बाजूने येत असेल तर पंप. थंड इंजिनात काहीच दिसले नाही, तर गरम पाण्याने इंजिन तापवून पुन्हा पाहावे. काही तडा तापल्यावरच उघडतात. हातपंप नसेल, तर जुने तेल काढून, ड्रेन बोल्ट उघडा ठेवून, खाली स्वच्छ ताट ठेवून रात्र जाऊ द्यावी. ओ-रिंगची मोठी गळती सकाळी ताटात दिसते.

एवढे झाल्यावर हेड उतरवण्याची वेळ आली, तर ते कारण माहीत असताना उतरते. गॅस्केट कुठे जळाले आहे ते पाहणे, हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासणे, शंका असल्यास हेड पाण्याच्या दाबावर तपासून घेणे, या गोष्टी मग शोध पुरा करतात. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसवणे म्हणजे पुढच्या महिन्याचे काम आज ठरवून ठेवणे.

पुरात बुडालेले इंजिन

वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठाला हा प्रसंग अपरिचित नाही. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतच असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत तर यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. काठावरची इंजिने अशा वेळी दिवसेंदिवस पाण्याखाली राहतात.

बुडालेल्या इंजिनाला स्टार्टर मारणे का घातक, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक लिटर क्षमतेचा सिलिंडर आणि साडेसतरा पट दाब देणारे डिझेल इंजिन घेतले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर शिल्लक राहणारी जागा सुमारे ६० मिलिलिटर असते. टपरीवरच्या चहाच्या लहान कपाहूनही कमी. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल, तर पिस्टन मध्येच अडतो आणि फिरणाऱ्या चाकाचा जोर कनेक्टिंग रॉड वाकवतो. ज्या इंजिनाला तेल बदलून आणि सुकवून वाचवता आले असते, त्याचा पुढचा खर्च अनेक पटींनी वाढतो. विम्याच्या दाव्यातही बुडालेले इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान हा वादाचा मुद्दा होतो. म्हणून वाहनाला हात लावण्यापूर्वी पाण्याच्या पातळीसह छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे.

पाणी ओसरताच बॅटरीची तार सोडवावी. ऑइल, डिझेल आणि दोन्हींचे फिल्टर काढून टाकावेत. एअर फिल्टर व त्यामागील नळी पाहावी. नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे आणि सिलिंडरमधील पाणी बाहेर काढावे. आत गाळ गेला असेल तर चेंबर उतरवून धुतल्याखेरीज पुढे जाऊ नये. नदीचा बारीक गाळ बेअरिंगसाठी पॉलिश पेपरसारखा असतो. मग योग्य श्रेणीचे स्वस्त तेल भरून काही मिनिटे चालवावे, गरम असतानाच ते काढावे, आणि तेलात धूसरपणा उरत नाही तोवर हेच दोनतीनदा करावे. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि मागचा धुरा विसरू नये. बहुतेक ट्रॅक्टरांत तेच तेल हायड्रॉलिकलाही जाते आणि तेथेही ब्रीदरमधून पाणी शिरते.

मिस्त्री लगेच मिळणार नसेल, तर पाणी काढून झाल्यावर सिलिंडरमध्ये नोझलच्या भोकातून तेल सोडावे आणि इंजिन हाताने चार फेरे फिरवावे. पाण्याखाली असलेल्या धातूला हवा लागली, की गंज झपाट्याने धरतो. ओसरल्यानंतरचे पहिले दोन दिवस म्हणूनच मोलाचे.

खाऱ्या पाण्याची गोष्ट

समुद्रावरच्या इंजिनाला आणखी काही वाटा असतात. खानापूर तालुक्यातील डोंगरांत उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव असलेली नौदलाची शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात बांधली गेली. ती २००९ साली नौदलात आली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेवरही डिझेल इंजिन असते. बंदरात शिरताना ते लागतेच. शिवाय दिवे, रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रणांच्या बॅटऱ्या भरण्यासाठीही बहुधा त्याच्यावर भिस्त असते.

अशा इंजिनात समुद्राचे पाणी आत घेऊन इंजिनाची उष्णता शोषली जाते आणि शेवटी ते सायलेन्सरच्या नळीत सोडले जाते. इंजिन समुद्रपातळीच्या खाली बसवलेले असेल आणि नळीतील हवेचा व्हॉल्व्ह मिठाने अडकला असेल, तर इंजिन बंद केल्यावरही पाणी पिंपातून नळीने तेल काढावे तसे वाहत राहते. सायलेन्सर भरतो, मग उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडर आणि तेथून खाली तेल. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला तरी हेच घडते. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकणारा धूर नसतो. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून स्टार्टर मारावा आणि इंजिन धरताच तो उघडावा.

पाणी खारे की गोडे, हे ठरल्यावर शोध निम्मा होतो. तळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकला आणि नळाच्या पाण्याच्या तुलनेत दाट पांढरा साका बसला, तर पाणी समुद्राचे. मग समुद्राच्या पाण्याचा पंप, तेलाचा कूलर आणि सायलेन्सरची मांडणी तपासावी. साका तसा नसेल, तर इंजिनातील बंद फेऱ्याचे कूलंट, म्हणजेच हेड, गॅस्केट किंवा लायनर. खारे पाणी आत गेलेल्या इंजिनाला उसंत देऊ नये. मीठ राहिले तर नुसते तेल बदलून गंज थांबत नाही. म्हणून ते आधी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच तेलाने भरावे लागते.

मालकाच्या हाती काय

या साऱ्या परीक्षांपैकी निम्म्यांना फारशी हत्यारे लागत नाहीत, नोंद लागते. इंजिनाजवळ एक वही ठेवून रेडिएटरमध्ये पाणी कधी व किती घातले, ऑइलची पातळी काय होती, इंजिन कधी तापले, एवढे लिहिले तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते. आठवड्यातून एकदा, सकाळी सुरू करण्यापूर्वी, पट्टी आणि झाकण पाहावे. पट्टीवरची पातळी स्वतःहून वाढणे ही कधीच चांगली बातमी नसते. तेल आपोआप तयार होत नाही.

आणि गॅरेजमध्ये इंजिन नेल्यावर खोलण्यास संमती देण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा : पाणी कुठून येते आहे, ते मला दाखवता काय? जाणकार मिस्त्री या प्रश्नावर रागावत नाही. तो खाली वाकून थेंब दाखवतो.